वाईट बातमीचा खाऊ

जांभूळडोहच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात वीस कुंड्या ओळीनं मांडलेल्या होत्या, प्रत्येकीत संत्र्याचं एक कलम. त्यातली तीन कलमं आजारी होती. कोणती तीन, ते फक्त मेश्राम मॅडमना माहीत होतं. ओळीच्या एका टोकाला प्रणिता ढोले उभी होती आणि तिच्या पायाशी अकरा महिन्यांची फुटाणी. तांबूस रंग, अर्धवट पडलेले कान, गावातल्याच एका कुत्रीच्या पोटची. कढईतल्या फुटाण्यासारखी एका जागी ठरत नसे, म्हणून हे नाव.

"हुडक," प्रणिता म्हणाली.

फुटाणी निघाली. सातव्या कुंडीपाशी तिचा वेग किंचित मंदावला, पण ती पुढे गेली. आठवीपाशी थांबून तिनं मान वळवली, प्रणिताच्या तोंडाकडे पाहिलं, मागे आली आणि सातवीसमोर ऐटीत बसली. प्रणिताचा जीव भांड्यात पडला. तिनं हातातलं बटण दाबलं, 'टक' असा आवाज झाला, आणि कमरेच्या पिशवीतून उकडलेल्या कलेजीचे दोन तुकडे फुटाणीच्या तोंडात गेले.

"थांब," मेश्राम मॅडम म्हणाल्या. "दोन का दिलेस?"

"चुकली होती, पण आपणहून परत आली ना मॅडम. म्हणून एक जास्त."

"ती चुकलीच नव्हती. सरळ येऊन बसलं तर एक तुकडा, आणि पुढे जाऊन परत आलं तर दोन, हे तिला गेल्या आठवड्यातच कळलंय. वर्ग तू तिचा घेतेस की ती तुझा?"

आपापली कुत्री धरून बसलेले बाकीचे चौघं खदखदून हसले. प्रणिताही हसली, पण त्या दिवसापासून तिनं तुकडा एकच ठेवला आणि तोही सरळ बसण्याला. चार दिवसांत फुटाणीनं तो डाव सोडून दिला. तिच्या हुशारीचा प्रणिताला जितका अभिमान होता, तितकाच धाकही वाटायचा.

उत्तरा मेश्राम वीस वर्षं अमरावतीला मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होत्या. निवृत्तीनंतर गावी आल्या आणि कुत्र्यांचा हा वर्ग काढला. वर्गाचे नियम मोजकेच होते. ओरडायचं नाही, मारायचं नाही, गळ्यातला पट्टा हिसकायचा नाही. कुत्र्यानं बरोबर केलं की त्याच क्षणी 'टक' आणि मागोमाग खाऊ. चुकलं तर काहीच नाही, पुन्हा पहिल्यापासून. "जे केल्यानं भलं होतं ते जनावर पुन्हा करतं," त्या म्हणत. "माणसाचंही तसंच आहे, पण माणसाला ते सांगावं लागतं."

हा खटाटोप चालला होता संत्र्यावरच्या ग्रीनिंग रोगासाठी. सिला नावाची इवलीशी कीड एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते आणि जाताना तोंडातून एक जिवाणू नेते. तो झाडाच्या सालीखालच्या अन्नवाहिन्यांत शिरतो आणि आतल्या आत झाडाची उपासमार करतो. मात्र सहा महिने ते दोन वर्षं बाहेरून काही दिसत नाही. पानं हिरवी, फळं गोड, आणि झाड तेवढ्या काळात शेजारच्या पन्नास झाडांना रोग वाटत असतं. ड्रोनच्या कॅमेऱ्याला पान पिवळं पडल्याशिवाय कळत नव्हतं. पानं तोडून प्रयोगशाळेत पाठवावीत, तर जिवाणू एका फांदीत असतो आणि दुसरीत नसतो, त्यामुळे तपासणीही हुकायची. कुत्र्याचं नाक मात्र हुकत नव्हतं. लागण झाल्यावर काही आठवड्यांतच झाडाचा वास बदलतो आणि शिकवलेलं कुत्रं तो ओळखून झाडासमोर बसतं.

त्यातच नागपूरच्या एका संस्थेनं ओळखपट्टा तयार केला होता. ओळखीची गोष्ट समोर आली की मेंदूत, माणसाच्या काय आणि कुत्र्याच्या काय, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात विजेची एक बारीक लाट उठते. कानामागे बसणारा हा मऊ पट्टा ती लाट टिपायचा आणि फोनवर हिरवा ठिपका उमटवायचा. कुत्र्याला वास लागला तो नेमका क्षण कळला, की 'टक' त्याच क्षणी करता येई. पूर्वी वर्षभर चालणारं शिक्षण त्यामुळे चार महिन्यांवर आलं होतं.

दिवाळीनंतर फुटाणी परीक्षेत पास झाली आणि संत्रा उत्पादक संघानं तिला कामावर घेतलं. संघाचा ठराव कडक होता. कुत्री ज्या झाडासमोर बसेल ते झाड तिसऱ्या दिवशी मुळासकट उपटून जाळायचं, मग बाग कोणाचीही असो.

पहिला दिवस शांताबाई लोखंड्यांच्या बागेत होता. सकाळची थंडी, वास जमिनीलगत बसलेला. पाचव्या ओळीत फुटाणी एका डेरेदार, फळांनी वाकलेल्या झाडासमोर बसली. शांताबाईंनी दोन्ही हात खोडाला लावले आणि त्या रडायलाच लागल्या. प्रणितानं बटण दाबलं, तुकडा दिला, 'शाब्बास' म्हणाली. पण म्हणताना तिनं शांताबाईंकडे पाहायचं टाळलं.

पुढच्या बागेत मालकानं कपाळावर हात मारून घेतला. त्याच्या पुढच्या बागेत एकानं ढेकूळ भिरकावलं, "ही अवदसा माझ्या वावरात आणू नका" म्हणून. ते फुटाणीच्या पाठीवरून गेलं. ती दचकली, पण बसलेली उठली नाही. प्रणितानं तिला पुन्हा तुकडा दिला आणि पुढच्या ओळीला घेतलं. घरी वडील, दिवाकरराव, विचारायचे, "आज किती?" ती आकडा सांगायची आणि दोघं जेवायला बसायचे. दिवाकररावांची स्वतःची बाग, चारशे झाडांची, अजून तपासायची होती. तिचा विषय काढला की ते म्हणत, "आधी लोकाईचं पाहा पोरी. नाहीतर म्हणतीन, बापाचं आधी उरकलं."

पहिल्या आठवड्यात फुटाणी रोज दहा-बारा झाडांसमोर बसायची. दुसऱ्या आठवड्यात पाच-सहा. चौथ्या आठवड्यात दिवसाकाठी एखादंच. रोग आटोक्यात आला म्हणून लोक खूश झाले. जिथं ढेकूळ बसत होतं तिथं आता चहा मिळू लागला. "फुटाणीचा पायगुण!" म्हणून संघाचे अध्यक्ष अरविंदराव कडू यांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. कडूंची बाग दिवाकररावांच्या बागेला लागून होती, मध्ये फक्त धुऱ्याचा बांध. तिथं तर फुटाणी एकदाही बसली नव्हती.

जानेवारीत कडूंच्या झाडांची पानं अर्धी पिवळी, अर्धी हिरवी दिसू लागली. प्रयोगशाळेचा अहवाल आला. एकोणसाठ झाडं.

कडू प्रणिताच्या अंगणात आले ते चप्पल न काढताच. "तुह्या कुत्रीनं माही बाग साफ सांगतली होती न?"

"हो काका."

"मंग हे काय?"

कडू गेल्यावर प्रणितानं त्यांची बाग तपासली त्या दिवसाची ओळखपट्ट्याची नोंद उघडली. पट्टा रोज फुटाणीच्या कानामागे असायचा, पण काम सुरू झाल्यापासून ठिपके बघायची कोणाला गरजच वाटली नव्हती. कुत्री बसली की नाही, एवढंच सगळे बघत होते.

कडूंच्या बागेच्या नकाशावर हिरवे ठिपकेच ठिपके होते. एक्कावन्न झाडांपाशी फुटाणीनं वास ओळखला होता आणि एकाही झाडासमोर ती बसली नव्हती.

"तिला माहीत होतं," प्रणिता मेश्राम मॅडमना म्हणाली. "माहीत असून तिनं सांगितलं नाही."

मॅडमनी संघानं केलेलं पहिल्या आठवड्यातल्या तपासण्यांचं चित्रीकरण मागवलं, आवाज बंद केला आणि फोन तिच्यापुढे धरला. "आता कुत्रीकडे नको, स्वतःकडे बघ."

प्रणिता बघत राहिली. प्रत्येक वेळी फुटाणी बसली की तिचे स्वतःचे खांदे खाली पडत होते, हात तुकडा देत होता आणि तोंड सुतक्यासारखं होत होतं. मागे कोणीतरी डोकं धरून खाली बसत होतं.

"माझ्या मुलांना ऐकू यायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "मी हातानं 'छान' म्हणायची आणि कपाळावर आठी असली, की मुलं आठीवर विश्वास ठेवायची. हिचंही तेच झालं. बसलं की माणसं दुःखी होतात, न बसलं की चहा घेतात आणि पाठ थोपटतात. कलेजीच्या तुकड्यापेक्षा तिला माणसं मोठी वाटली. खोटारडी नाही ती, प्रणिता. तिनं तुम्हाला दुखवणं थांबवलं, एवढंच."

प्रणितानं फुटाणीकडे पाहिलं. ती कोपऱ्यात शेपटीवर तोंड ठेवून पडली होती, डोळे मात्र प्रणिताच्या चेहऱ्यावर होते.

संघाच्या बैठकीत कडूंनी सोपा तोडगा काढला. कुत्रीनं बसायची गरजच काय? पट्टा लावा, ओळीतून फिरवा, ठिपके मोजा. खाऊ नको, शिकवणी नको. सगळ्यांना पटलं. पहिल्या दिवशी ठिपके भरपूर उमटले. दुसऱ्या दिवशी निम्मे. तिसऱ्या दिवशी रोगी म्हणून ठाऊक असलेल्या झाडापाशीसुद्धा काही उमटेना. फुटाणी नाक वर करून, रस्त्यानं जाणाऱ्या पाहुण्यासारखी ओळीतून चालत गेली. वास घ्यायचा तर मिनिटाला तीनशेच्या घरात हुंगावं लागतं, ते मेहनतीचं काम. तिला कोणी विचारत नव्हतं, कोणी शाब्बासही म्हणत नव्हतं. मग ती कशाला हुंगेल? आणि नाकानं हुंगलंच नाही, तर पट्टा तरी काय वाचणार?

"मला महिनाभर द्या," प्रणिता उभी राहून म्हणाली. "मी तिला पुन्हा शिकवते."

"अन् महिन्यात अजून शंभर झाडं गेली तर?" कडू म्हणाले.

"न शिकवता पाचशे जातील, काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिनिंगच्या आवारात हजर झाली. मॅडम म्हणाल्या, शिकायचं फुटाणीला नाही, तुला आहे. प्रणितानं हसून पाहिलं, टाळ्या वाजवून पाहिलं. फुटाणी तिच्या हाताजवळ आली, हुंगलं आणि तोंड फिरवून निघून गेली. माणसाला ताण आला की त्याच्या घामाचा वास बदलतो, आणि जे नाक झाडाच्या सालीआडचा जिवाणू ओळखतं त्याला एवढं कळणारच. उसना आनंद तिथं चालणार नव्हता. आठवडाभर प्रणितानं रोज दोन वेळा प्रयत्न केला आणि आठवडाभर ती हरली. मॅडम एका शब्दानं रागावल्या नाहीत. रोज एवढंच म्हणायच्या, "उद्या पुन्हा."

आठव्या दिवशी प्रणिताच्या मनात काही आलं आणि ती फुटाणीला घेऊन शांताबाई लोखंड्यांच्या बागेत गेली. पाचव्या ओळीत जिथून झाड उपटलं होतं तिथं खड्डा बुजवलेला होता. त्याच्या भोवतीच्या झाडांची पानं नुकतीच तपासून आली होती, सगळी निरोगी.

"मावशी, आणखी एखादं निघालं तर?" प्रणितानं विचारलं.

शांताबाईंनी थोडा विचार केला. "तवा लय जीव जळला, माय. आता वाटते, त्या एका झाडाच्या पायी बाकीचे दोनशे वाचले. हे पोट्टी सांगत नसती तर मी पाहतच रायली असती." आणि त्यांनी प्रणिताच्या कमरेच्या पिशवीत हात घालून तुकडा घेतला. "आण, मीच देतो तिले."

फुटाणी ओळीत शिरली. आठव्या ओळीच्या टोकाला ती थबकली, फोनवर हिरवा ठिपका उमटला. फुटाणीनं आधी प्रणिताकडे पाहिलं, मग शांताबाईंकडे. शांताबाई म्हणाल्या, "सापडलं का वं? सांग, सांग." त्यांच्या आवाजात भीती नव्हती. फुटाणी बसली. टक. शांताबाईंनी तुकडा भरवला, तिचे कान कुस्करले. फुटाणीची शेपटी मातीवर झाडूसारखी फिरली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा प्रणिता मनापासून हसली.

त्या दिवसापासून तिनं कामाची रीत बदलली. तपासणीआधी ती मालकाच्या घरी जाऊन बसायची, शांताबाईंना सोबत न्यायची. पहिला तुकडा मालकानं भरवायचा. ज्याला जमणार नाही त्यानं फाटकाबाहेर थांबायचं. लोक हसले. "आमचं झाड मारते अन् आम्हीच तिले जेवू घालायचं?" प्रणिता ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. साठ घरं होती. तिनं एकही सोडलं नाही. कोणी तिसऱ्या खेपेला ऐकलं, कोणी सातव्या. कडू स्वतः चार वेळा फाटकाबाहेर उभे राहिले आणि पाचव्या वेळी आत आले. फेब्रुवारी सरता सरता ठिपके आणि बसणं यांचा मेळ बसला.

मग एकच बाग उरली.

दिवाकरराव त्या दिवशी पहाटेच बागेत येऊन उभे होते. प्रणितानं तुकडा त्यांच्या हातात दिला. तिसऱ्या ओळीत, धुऱ्याजवळ, ठिपका उमटला. फुटाणी थांबली, पण बसली नाही. तिनं दिवाकररावांकडे पाहिलं, कान मागे पाडले आणि दोन पावलं मागे सरली.

"बाबा, तुम्ही बाहेर थांबता का?"

दिवाकरराव हलले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम होता. "तिले सगळं समजते," ते म्हणाले. "मले मालूम होतं, प्रणिता. गेल्या आषाढात या झाडाची एक फांदी पिवळी दिसली. म्या रातोरात तोडली अन् जाळली. मंग श्रावणात दुसऱ्या झाडाची. कोणाले बोललो नाही."

आठ महिने. प्रणिताची नजर धुऱ्यापलीकडे गेली. कडूंच्या एकोणसाठ झाडांचे खड्डे तिथं ओळीनं दिसत होते. सिला उडून जायला एवढंसं अंतर पुरेसं होतं. लोकांच्या दारोदार ती फिरत होती आणि हे घरातच होतं! तिनं तोंड उघडलं आणि तिला वडिलांचा चेहरा दिसला. त्यांनी मान खाली घातली होती, ओरडा खायच्या तयारीनं. दोन वर्षांपूर्वी साखर वाढल्याचं त्यांनी तीन महिने लपवलं होतं, तेव्हा 'सांगितलं का नाही' म्हणून ती दोन दिवस त्यांच्यावर कडाडली होती. त्यानंतर त्यांनी तिला कुठलंच दुखणं सांगितलं नव्हतं. बापाची तब्येत सुधारली, असं समजून ती निश्चिंत होती.

फुटाणी दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती.

प्रणिताचा राग गेला नव्हता, पण आत्ता काय करायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती वडिलांजवळ गेली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"बरं झालं सांगितलं, बाबा. आठ महिने एकट्यानं वागवलं. आता आपण दोघं आहोत."

दिवाकररावांनी वर पाहिलं, जणू त्यांच्या ऐकण्यात चूक झाली होती. मग त्यांचे डोळे वाहू लागले, पण खांदे सैल पडले. थोड्या वेळानं त्यांनीच नाक पुसलं आणि हातातला तुकडा पुढे धरून म्हणाले, "ये वं बेटा. सांग."

फुटाणी येऊन झाडासमोर बसली.

चारशेपैकी त्र्याहत्तर झाडं निघाली. शेवटची ओळ झाल्यावर प्रणिता म्हणाली, "कडूकाकांना मी सांगू का?"

"नाही. ते माहं काम हाये." दिवाकररावांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि धुरा ओलांडून ते एकटेच गेले. प्रणिताला लांबून दोन माणसं समोरासमोर उभी दिसली. बराच वेळ एक बोलत होता. मग दुसरा वळला आणि घराकडे चालू लागला.

त्र्याहत्तर झाडं तिसऱ्या दिवशी जळाली. दिवाकररावांनी संघाच्या बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं. त्यानंतर आठवड्याभरात आणखी चार जणांनी प्रणिताला निरोप पाठवला, की बाई, आमच्याही बागेत येऊन जा, आम्हीही एक-दोन फांद्या तोडल्या आहेत. ती चारही ठिकाणी गेली, एकालाही उणा शब्द बोलली नाही. पावसाळा अर्ध्यावर येईपर्यंत पंचक्रोशीत नवं रोगी झाड महिन्याला दोन-तीनच्या वर निघत नव्हतं, आणि या वेळी पट्ट्याची नोंदही तेच सांगत होती.

कडू मात्र दिवाकररावांशी बोलत नव्हते. रस्त्यात गाठ पडली की मान फिरवून जात. दिवाकररावांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारावर थाप पडली. दिवाकररावांनी दार उघडलं. कडू उभे होते, हातात संत्र्याची एक डहाळी, तिची दोन पानं अर्धी पिवळी. त्यांची नजर उंबऱ्यावर होती.

"प्रणिताले उठव," ते म्हणाले. "नव्या लावणीतलं एक झाड हाये. मले बरोबर नाही दिसत."

दिवाकररावांनी डहाळी हातात घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि दार पूर्ण उघडलं.

"बरं केलं आला ते," ते म्हणाले. "बस अरविंद. आधी चहा घे."